माफी कोणाची, अधिकार कोणाचा?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

सरकारी अर्जाची भाषा मला कवितेच्या भाषेआधी आली. बी. ए. झालो तेव्हा आमच्या तालुक्याच्या गावात, निदान आमच्या गल्लीच्या आसपास, बिनचूक मराठीत अर्ज लिहून देणारा म्हणून माझी थोडीफार ओळख झाली होती. रेशनकार्ड, सात-बारा, निराधार पेन्शन, असले अर्ज. पैसे घेत नसे. चहा मिळे.

एक दिवस वरच्या आळीतली एक म्हातारी आली. तिला सगळे आक्काच म्हणत. तिच्या तरण्या मुलाचा बांधाच्या भांडणात खून झाला होता. मारणाऱ्याला जन्मठेप लागली, तो आत गेला आणि पाच-सहा वर्षांत गावात कुजबुज सुरू झाली की त्याला बाहेर काढायची खटपट चालली आहे, कोण्या पुढाऱ्यानं शब्द टाकला आहे, फाईल थेट राज्यपालांकडे जाणार आहे. आक्का माझ्यासमोर बसली, पदरानं कपाळ पुसलं आणि म्हणाली, “लिही बाबा. साहेबाला इचार, लेकरू माझं गेलं, माफी देणारे तुम्ही कोण?”

मी अर्ज लिहिला. ‘मेहेरबान साहेबांचे सेवेशी’ अशी सुरुवात केली आणि तिचा प्रश्न शक्य तेवढा सौम्य करून शेवटी घातला. पण प्रश्न काही सौम्य झाला नाही. गेली तीस वर्षं तो माझ्या डोक्यात तसाच आहे. आज त्या प्रश्नाचा इतिहास तुमच्यासमोर ठेवायचा आहे.

आक्काला ठाऊक नव्हतं, पण तिचा प्रश्न या देशात फार जुना आहे. मोगल काळापासून चालत आलेल्या फौजदारी न्यायात खून हा आधी त्या घराचा घाव मानला जाई. किसास मागायचा, रक्ताची भरपाई घ्यायची की माफ करायचं, हे मयताच्या वारसांच्या हाती असे. यात दोष होते. पैसेवाला आणि दांडगा माणूस वारसांना धाक घालून माफी लिहून घेऊ शकत होता. कंपनी सरकारच्या साहेबांना ही पद्धत मान्य नव्हती. 1790 मध्ये लॉर्ड कॉर्नवॉलिसनं बंगालच्या न्यायव्यवस्थेत फेरबदल केले, तेव्हा खुन्याला माफ करण्याचा वारसांचा हक्क काढून घेतला. खून हा सरकारविरुद्धचा गुन्हा ठरला. शिक्षा सरकार देणार आणि सोडायचं झालं तर तेही सरकारच सोडणार.

हा बदल वाईट होता असं मी म्हणणार नाही. कमजोर घराला दांडग्यापासून वाचवायचं तर न्याय सरकारच्या हाती असलेला बरा. पण त्या दिवशी माफीचा हक्क आक्काच्या दारातून उठून राजवाड्यात गेला, हे खरं. आता दांडग्याला वारसाच्या दारी जायची गरज उरली नाही. राजवाड्यात ओळख असली की झालं.

इंग्लंडमध्ये हा राजाचा खास अधिकार. तिथून तो व्हाइसरॉयकडे आला, 1935 च्या कायद्यात आला आणि आपल्या राज्यघटनेत दोन ठिकाणी विसावला. अनुच्छेद 72 राष्ट्रपतींसाठी, अनुच्छेद 161 राज्यपालांसाठी. लष्करी न्यायालयानं दिलेली शिक्षा, केंद्राच्या कायद्याखालची शिक्षा आणि कोणतीही फाशी, या तीन बाबतींत राष्ट्रपती क्षमा करू शकतात, शिक्षा तहकूब करू शकतात, कमी करू शकतात, एका शिक्षेच्या जागी दुसरी हलकी शिक्षा देऊ शकतात. कारणं काय असावीत, किती दिवसांत ठरवावं, कोणाला विचारावं, याबद्दल या अनुच्छेदांत एक अक्षर नाही. घटनाकारांनी ही जागा मोकळी ठेवली. दयेला नियमात बांधलं तर ती दया उरत नाही, असा त्यामागचा विचार असावा. पण मोकळ्या जागेत वारा येतो तसा चोरही येतो.

या मोकळ्या जागेची पहिली मोठी परीक्षा आपल्या मुंबईत झाली. नानावटी खटला ठाऊक नाही असा मराठी माणूस विरळा. सिनेमे निघाले, नाटकं झाली. पण त्या कथेतलं प्रेम आणि पिस्तूल लोकांच्या लक्षात राहिलं, माफी मात्र विसरली गेली. 27 एप्रिल 1959 रोजी नौदलातले कमांडर कावस नानावटी यांनी प्रेम आहुजा यांना गोळ्या घातल्या. ज्यूरीनं आठ विरुद्ध एक अशा मतांनी त्यांना निर्दोष ठरवलं. सत्र न्यायाधीशांना तो कौल पटला नाही आणि त्यांनी प्रकरण हायकोर्टाकडे पाठवलं. 11 मार्च 1960 रोजी हायकोर्टानं जन्मठेप सुनावली.

आणि त्याच दिवशी मुंबई राज्याचे राज्यपाल श्रीप्रकाश यांचा हुकूम निघाला. सुप्रीम कोर्टात अपील करायचं आहे, त्याचा निकाल लागेपर्यंत शिक्षा स्थगित, तोवर नानावटी नौदलाच्या ताब्यात राहतील. हायकोर्टाचं वॉरंट बजावलं न जाता परत आलं. विचार करा, संयुक्त महाराष्ट्र व्हायला अजून दीड-दोन महिने होते, शहर तापलेलं होतं आणि मुंबईच्या हायकोर्टाचा कागद शिपायाच्या हातून तसाच परत येत होता. आरोपी साधा माणूस असता, गिरणीतला कामगार असता, तर राज्यपालांच्या बंगल्यावर त्या संध्याकाळी दिवा लागला असता का? हा प्रश्न तेव्हाच्या लोकांनीही विचारला.

प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. 5 सप्टेंबर 1960 रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठानं चार विरुद्ध एक असा निर्णय दिला. क्षमा करण्याचा राज्यपालांचा अधिकार मोठा आहे, पण प्रकरण सुप्रीम कोर्टासमोर असताना शिक्षा स्थगित ठेवायची की नाही, हे त्या कोर्टानं ठरवायचं. दोन सत्ता एकाच वेळी एकाच गोष्टीवर हुकूम काढू शकत नाहीत. नानावटी आर्थर रोडला गेले. नोव्हेंबर 1961 मध्ये जन्मठेप कायम झाली.

इथे पहिली मर्यादा आखली गेली. दयेनं न्यायाची वाट अडवू नये. न्याय पूर्ण होऊ द्यावा, मग दयेनं यावं.

पण कथा तिथे संपली नाही. 1964 मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी नानावटींना माफी दिली. त्याच सुमारास गांधीधाम वसवणाऱ्या भाई प्रताप या सिंधी उद्योजकालाही माफी मिळाली. आयात परवान्यांच्या प्रकरणात त्यांना शिक्षा झाली होती. आहुजा सिंधी होते, नानावटी पारशी. एका समाजाचा माणूस सोडला तर दुसरा समाज रागावेल, म्हणून दोन्हीकडचा एकेक, असा हिशेब त्यामागे होता असं त्या काळाबद्दल लिहिणारे सांगतात. आहुजा यांच्या बहिणीची संमती लिहून घेतली गेली होती, असंही सांगितलं जातं. तसं असेल तर गंमत बघा. कॉर्नवॉलिसनं काढून घेतलेला वारसाचा हक्क मागच्या दारानं राजभवनात परत आला, पण हक्क म्हणून नाही, सोय म्हणून. नानावटी कुटुंब पुढे कॅनडाला गेलं.

इथे थोडं अमेरिकेकडे वळू. कारण या अधिकाराच्या गैरवापराची भीती सर्वांत आधी स्पष्ट शब्दांत तिथे बोलली गेली. 1788 मध्ये व्हर्जिनियात नव्या राज्यघटनेवर वाद चालू असताना जॉर्ज मेसन यांनी शंका काढली की अध्यक्ष स्वतःच एखादा गुन्हा करायला लावील आणि मग गुन्हेगाराला माफ करून आपला माग पुसून टाकील. मॅडिसन यांनी उत्तर दिलं की असं झालं तर महाभियोग आहे.

पुढे काय झालं ते जगानं पाहिलं. 9 ऑगस्ट 1974 रोजी रिचर्ड निक्सन यांनी राजीनामा दिला आणि 8 सप्टेंबरला, एका रविवारच्या सकाळी, त्यांचेच उत्तराधिकारी जेराल्ड फोर्ड यांनी त्यांना पूर्ण माफी दिली. खटला झाला नव्हता, आरोपपत्रही नव्हतं. देशाची जखम भरून यावी म्हणून हे केलं, असं फोर्ड म्हणाले. लोकांना सौद्याचा वास आला. 1976 ची निवडणूक फोर्ड हरले. पण 2001 मध्ये त्याच निर्णयाबद्दल त्यांना केनेडी यांच्या नावाचा धैर्याचा पुरस्कार मिळाला. एकच माफी, पंचवीस वर्षांत तिचा अर्थ फिरला. अलीकडे डिसेंबर 2024 मध्ये जो बायडेन यांनी स्वतःच्या मुलाला माफ केलं. 20 जानेवारी 2025 रोजी, अधिकारावर आल्याच दिवशी, डोनाल्ड ट्रम्प यांनी 6 जानेवारी 2021 च्या संसदेवरील हल्ल्यातल्या सुमारे पंधराशे लोकांना माफी दिली. पक्ष दोन, तऱ्हा दोन, दार तेच. तिथे अध्यक्षाला मंत्रिमंडळाला विचारावं लागत नाही आणि कोर्टही त्या कागदाला सहसा हात लावत नाही.

आपल्याकडे तसं नाही. आपल्या राष्ट्रपतींची सही असते, पण निर्णय मंत्रिमंडळाचा. दयेचा अर्ज गृहमंत्रालयातून फिरून राष्ट्रपती भवनात येतो. राष्ट्रपती तो फेरविचारासाठी एकदा परत पाठवू शकतात, पण तोच सल्ला पुन्हा आला तर तो मानावा लागतो. 1980 च्या मारू राम प्रकरणात सुप्रीम कोर्टानं हे पक्कं केलं आणि बजावलं की हा अधिकार मनमानीसाठी नाही. म्हणजे आपण ज्याला राष्ट्रपतींची दया म्हणतो, ती खरं तर सरकारची दया आहे. सही एका माणसाची आणि मन दुसऱ्याचं, अशी ही दया आहे.

मी कॉलेजात होतो तेव्हाची गोष्ट. 6 जानेवारी 1989. होस्टेलच्या मेसमध्ये रेडिओ चालू होता. इंदिरा गांधींच्या हत्येच्या खटल्यात सतवंत सिंग आणि केहर सिंग यांना तिहारमध्ये फाशी दिल्याची बातमी आली. सतवंत सिंगनं स्वतः गोळ्या झाडल्या होत्या. केहर सिंगवर कटाचा आरोप होता आणि त्याच्याविरुद्धचा पुरावा परिस्थितीजन्य होता. त्यावर तेव्हाच्या अनेक मोठ्या वकिलांनी शंका घेतली होती. मेसमध्ये कोणी काही बोललं नाही. मला इंदिराबाईंच्या हत्येचा दिवसही आठवत होता आणि त्यानंतर दिल्लीत जळालेली शीख माणसंही. दोन्ही दुःखं एका ताटात कशी घ्यायची, हे त्या वयात कळलं नाही. आजही नीट कळत नाही.

पण त्या प्रकरणानं कायद्याला एक महत्त्वाची गोष्ट दिली. केहर सिंगच्या वतीनं दयेचा अर्ज गेला तेव्हा राष्ट्रपती भवनातून उत्तर आलं की देशाच्या सर्वोच्च न्यायालयानं अंतिम निकाल दिलेल्या प्रकरणाच्या गुणदोषांत राष्ट्रपती जाऊ शकत नाहीत. सुप्रीम कोर्टानं 16 डिसेंबर 1988 रोजी सांगितलं की जाऊ शकतात. राष्ट्रपती पुरावा स्वतः तपासून कोर्टापेक्षा वेगळ्या मतावर येऊ शकतात, कारण कोर्टही माणसांचंच असतं आणि माणूस चुकतो. माणसाच्या चुकीसाठी ठेवलेलं हे शेवटचं दार आहे. अर्ज पुन्हा विचारात घेतला गेला, पुन्हा फेटाळला गेला आणि निकालापासून बरोबर तीन आठवड्यांनी फाशी झाली. दार उघडं असल्याचा निकाल ज्याच्या नावानं लागला, त्याच्यासाठी ते उघडलं नाही.

या दाराची गरज किती खरी आहे, हे समजायला आणखी एक प्रकरण सांगतो. उत्तर प्रदेशातल्या एका खून प्रकरणात तिघांना एकाच गुन्ह्यासाठी फाशी झाली होती. तिघांची अपिलं वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या न्यायमूर्तींसमोर गेली. एकाचं फेटाळलं गेलं. दुसऱ्याची फाशी कोर्टानं जन्मठेपेवर आणली. तिसऱ्याचंही अपील फेटाळलं गेलं आणि दयेचा अर्जही. 6 ऑक्टोबर 1981 रोजी पहिल्याला फाशी दिली गेली. तिसरा, हरबन्स सिंग, त्याच दिवशी जाणार होता. पण त्यानं कोर्टात अर्ज केला म्हणून थांबला. तेव्हा कोर्टाच्या ध्यानात आलं की एकाच गुन्ह्यातला एक जिवंत आहे, एक गेला आणि एक उंबऱ्यावर उभा आहे. आपले पुण्याचे यशवंतराव चंद्रचूड तेव्हा सरन्यायाधीश होते. हरबन्स सिंगची फाशी बदलावी, अशी शिफारस कोर्टानं राष्ट्रपतींकडे केली. जो गेला त्याच्यासाठी मात्र कोणतंही कोर्ट काही करू शकत नव्हतं. म्हणून कोणी दयेचा अधिकार काढूनच टाका म्हणतो, तेव्हा मला हे तिघे आठवतात.

आता दुसरी बाजू. 2005 मध्ये आंध्र प्रदेशात खुनाच्या प्रकरणात दहा वर्षांची शिक्षा झालेल्या एका सत्ताधारी पक्षाच्या कार्यकर्त्याची उरलेली सुमारे सात वर्षं राज्यपालांच्या हुकुमानं माफ झाली. त्याची पत्नी आमदार होती. राज्यपाल होते आपले सुशीलकुमार शिंदे. अर्थात सल्ला मंत्रिमंडळाचा. मयताचा मुलगा सुप्रीम कोर्टात गेला. कोर्टानं फाईल मागवली तेव्हा एका अधिकाऱ्याच्या अहवालात असा उल्लेख सापडला की हा इसम काँग्रेसचा चांगला कार्यकर्ता आहे. 11 ऑक्टोबर 2006 रोजी कोर्टानं तो हुकूम रद्द केला. जात, धर्म, पक्ष ही माफीची कारणं होऊ शकत नाहीत, हे स्वच्छ शब्दांत सांगितलं. हुकूम डोकं न वापरता काढला असेल, वाईट हेतूनं काढला असेल, असंबद्ध कारणांवर उभा असेल, किंवा महत्त्वाची माहिती दडवून काढला असेल, तर कोर्ट त्यात लक्ष घालील. त्याआधी 1998 मध्ये उत्तर प्रदेशातल्या एका माजी आमदाराची सुटकाही कोर्टानं अशाच कारणानं रद्द केली होती. त्याच्यावरचे इतर खटले राज्यपालांना सांगितलेच गेले नव्हते.

या निकालाबद्दल वाचलं तेव्हा मला आक्काच आठवली. त्या मयताच्या मुलानं विचारलेला प्रश्न तिचाच होता. फक्त त्याला वकील मिळाला आणि आक्काला मी मिळालो.

आणखी एका निकालाबद्दल बोलायला हवं. माझं नाव ऐकून कोणाला वाटेल की हा ते बोलणारच. वाटू द्या. 15 ऑगस्ट 2022 रोजी गुजरात सरकारनं बिल्किस बानो प्रकरणातल्या अकरा जन्मठेपेच्या कैद्यांना सोडलं. बाहेर त्यांचे हारतुरे झाले. ही राष्ट्रपतींची वा राज्यपालांची माफी नव्हती, फौजदारी संहितेखाली सरकारनं दिलेली सूट होती, हा फरक लक्षात ठेवला पाहिजे. पण प्रश्न तोच होता. खटला मुंबईत चालला होता, शिक्षा 2008 मध्ये मुंबईच्या न्यायालयानं दिली होती, म्हणून सुटकेचा विचार करायचा तर तो महाराष्ट्र सरकारनं करायला हवा होता. 8 जानेवारी 2024 रोजी सुप्रीम कोर्टानं ती सूट रद्द केली आणि कैद्यांना परत जायला सांगितलं. जन्मठेपेच्या कैद्याला कधीच सोडू नये, असं मी म्हणत नाही. माणूस बदलतो यावर विश्वास नसेल तर मी कविता कशाला लिहू? पण जिच्यावर अन्याय झाला तिला सुटकेची बातमी इतरांसारखीच कानावर यावी, याला दया म्हणायला जीभ वळत नाही.

गैरवापराचा एक प्रकार मात्र कोणाच्या डोळ्यांवर येत नाही. तो म्हणजे काहीच न करणं. हुकूम नाही, नकार नाही, फाईल पडून. वर्षामागून वर्षं जातात आणि फाशीच्या कोठडीतला माणूस रोज पहाटे बुटांचा आवाज ऐकत राहतो. काही राष्ट्रपतींनी बहुतेक सगळे अर्ज फेटाळले, काहींनी निर्णयच घेतला नाही. आपल्या जळगावच्या प्रतिभाताई पाटील 2007 ते 2012 राष्ट्रपती होत्या. त्यांनी तीसहून अधिक जणांच्या फाशीचं जन्मठेपेत रूपांतर केलं. त्यावर टीका झाली, कारण त्यांत लहान मुलींवरच्या अत्याचाराची प्रकरणंही होती. पण त्यांच्या यादीतली एक नोंद मला जास्त बोलकी वाटते. 2012 मध्ये ज्यांना जीवदान मिळालं, त्यांतला एक कैदी 2007 मध्येच तुरुंगात आजारानं वारला होता. इतक्या कचेऱ्यांतून फाईल फिरली आणि तो माणूस जिवंत आहे का, हे कोणी पाहिलं नाही. आणि फेब्रुवारी 2013 मध्ये अफझल गुरूला फाशी दिली, त्या वेळी दयेचा अर्ज फेटाळल्याचं कळवणारं स्पीड पोस्ट त्याच्या घरी फाशीनंतर दोन दिवसांनी पोचलं. गुन्हा कितीही मोठा असो, टपाल वेळेवर पोचलं पाहिजे.

21 जानेवारी 2014 रोजी सुप्रीम कोर्टानं अशा विलंबाला उत्तर दिलं. दयेच्या अर्जावर विनाकारण उशीर झाला, तर तो उशीरच फाशी रद्द करण्याचं कारण होऊ शकतो, असं म्हणून पंधरा जणांची फाशी जन्मठेपेवर आणली. अर्ज फेटाळला तर कैद्याला आणि घरच्यांना लेखी कळवायचं, वकिलाची मदत द्यायची आणि फाशीच्या आधी किमान चौदा दिवस द्यायचे, असं बजावलं. राजीव गांधी हत्या प्रकरणातल्या पेरारिवलनची सुटका तमिळनाडूच्या मंत्रिमंडळानं सप्टेंबर 2018 मध्ये सुचवली होती. राज्यपालांनी निर्णय न घेता अडीच वर्षांच्या आसपास फाईल ठेवली आणि मग राष्ट्रपतींकडे ढकलली. शेवटी 18 मे 2022 रोजी कोर्टानं स्वतःच त्याला सोडलं.

म्हणजे साठ-पासष्ट वर्षांत या मोकळ्या जागेला थोडंथोडं कुंपण पडलं. न्यायाची वाट अडवायची नाही. मंत्रिमंडळाचा सल्ला मानायचा. पक्ष आणि जात पाहायची नाही. माहिती दडवायची नाही. फाईल कुजवायची नाही. हे कुंपण राष्ट्रपतींनी वा मंत्र्यांनी घातलेलं नाही. कोणी ना कोणी नाराज माणूस, कधी कैदी, कधी मयताचा मुलगा, कोर्टाची पायरी चढला म्हणून ते पडलं.

म्हणून एका नव्या कलमाची मला काळजी वाटते. 1 जुलै 2024 पासून फौजदारी संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. तिच्या कलम 472 मध्ये फाशीच्या कैद्याच्या दयेच्या अर्जासाठी मुदती घातल्या आहेत. ते चांगलंच झालं. पण त्याच कलमात असंही म्हटलं आहे की अनुच्छेद 72 खालचा राष्ट्रपतींचा हुकूम अंतिम राहील, त्यावर अपील नाही आणि राष्ट्रपती त्या निर्णयावर कसे आले याची चौकशी कोणतंही कोर्ट करणार नाही. राज्यघटनेनं कोर्टाला दिलेला अधिकार साध्या कायद्यानं काढून घेता येतो का, याचा वाद वकील घालतील. मी एवढंच म्हणेन की हे कलम जसंच्या तसं चाललं, तर केहर सिंगच्या नावानं उघडलेलं दार आणि आंध्रच्या त्या मुलाला सापडलेली वाट, दोन्हींपुढे राष्ट्रपती भवनापुरती कडी लागेल.

आक्काचं पुढे काय झालं, ते सांगून थांबतो. माझ्या अर्जाचा परिणाम झाला की दुसरं काही घडलं, कोण जाणे, पण त्या माणसाची फाईल पुढे सरकली नाही. तो चौदा वर्षांहून जास्त काळ आत राहिला, तुरुंगात जिला ‘माफी’ म्हणतात ती चांगल्या वर्तणुकीची सूट त्यानं दिवसादिवसानं जमवली आणि नियमानं सुटला. एका बाजाराच्या दिवशी आक्कानं त्याला पाहिलं. संध्याकाळी ती माझ्याकडे आली. मी घाबरत विचारलं, “आक्का, अर्ज लिहायचा का?”

“नगं,” ती म्हणाली. “म्हातारा झालाय त्यो. माफ न्हाई केलं मी त्याला, करायची बी न्हाई. पन फेडून आलाय, चोरून न्हाई आला. आता माजं सरकाराशी भांडान न्हाई.”

मग तिनं चहा मागितला. साखर जास्त घाल म्हणाली.